मागे एक आहे

ही गोष्ट खरी आहे. खोटी असती तर मी हिला जरा बरा शेवट दिला असता.

आणि ही रात्रीची नाही. भयकथा रात्रीची असावी एवढं मलाही कळतं. मीसुद्धा तुमच्यासारखीच पांघरूण डोक्यावर घेऊन या पानावरच्या गोष्टी वाचते. पण माझ्याबाबतीत जे झालं ते रविवारी सकाळी, लख्ख उन्हात, शहर संपतं तिथल्या डोंगरावर झालं.

रात्री झालं असतं तर बरं. रात्री घाबरलेल्या बाईला लोक समजून घेतात. सकाळी घाबरलेल्या बाईला विचारतात, नाश्ता केला होता का?

आमचं पडद्यांचं दुकान. खाली दुकान, वर घर. मी शिवते, हे बसवायचे. माप, चुण्या, पडदा नीट पडावा म्हणून खालच्या दुमडीत ओवायची वजनाची पट्टी, हे माझं. ड्रिल, शिडी आणि दांडे यांचे. कानामागे कायम एक लाल, चपटी पेन्सिल, सुतारांची असते तशी. कधी कधी झोपतानाही ती तिथेच राहायची आणि सकाळी उशीवर रेघा दिसायच्या. माझ्या उशीवर.

सायकल आमच्याकडे आली ती एका गिऱ्हाइकामुळे. घर बदलून चालले होते, सामानात जागा नव्हती. जुने पडदे आणि ही सायकल, दोन्ही घेऊन जा म्हणाले. डोंगरात चालवायची, जाड टायरची. हे पन्नाशीला टेकलेले. मी म्हटलं, या वयात लोक गुडघ्याला पट्टा बांधतात, तुम्ही डोक्याला हेल्मेट बांधा.

बांधलं की. डोंगरावर गेले आणि कोपर सोलून घेऊन, दात काढत घरी आले.

महिन्याभरात माझ्यासाठीही एक जुनी सायकल आली. मला सायकल येतच नव्हती. लहानपणी भावाला सायकल मिळाली, मला ती धरून उभं राहायचं काम मिळालं. चव्वेचाळिसाव्या वर्षी दुकानामागच्या गल्लीत शिकले. हे सीट धरून मागे पळायचे. मी ओरडायचे, सोडू नका हं. धरलंय, धरलंय, म्हणायचे हे...

फार लांबून.

मग डोंगर. पहिल्यांदा पडले. दुसऱ्यांदा पडले. तिसऱ्यांदा झुडपात गेले आणि तिथेच बसून हसत सुटले. हसू आवरेना. आयुष्यभर सरळ रेषेत टाके घातले होते मी. उतार काय असतो, हे माझ्या पायांना कुणी सांगितलंच नव्हतं. झाडांच्या मुळांवरून चाक धडधडत उतरतं, हात ढिले सोडायचे, नजर दगडावर नाही, वाटेवर ठेवायची. जिकडे बघाल तिकडे जाल, हे यांनी शिकवलं. दगडाकडे बघितलं की चाक दगडावरच जातं.

आणि मागे तर मुळीच बघायचं नाही.

या डोंगराचा एक नियम आहे, तो आधी सांगते. वाट एका माणसापुरतीच. समोरून कोणी आलं की एकाने पाय टेकून बाजूला व्हायचं. आणि जाणाऱ्याने सांगायचं, आपल्या मागे किती जण आहेत. "मागे दोन." "मागे एक." किंवा "मागे कोणी नाही." मग तेवढे जाईपर्यंत समोरचा थांबतो. सायकलवाला असो, चालणारा असो. सांगितलेला माणूस आल्याशिवाय हलायचं नाही. यात खोटं कोणी बोलत नाही. बोललं तर कुणाचं तरी डोकं फुटतं.

हे पुढे असायचे, मी मागे. प्रत्येक वळणावर थांबायचे. माझा मागचा ब्रेक जाम किंचाळतो. तो ऐकू आला की पुढे निघायचे. आणि समोरून कोणी आलं की सांगायचे,

"मागे एक आहे. हळू येते, पण येते."

लोक मला बघून हसायचे. मी म्हणायचे, अहो, नुसतं 'एक' म्हणा की. यावर हे म्हणायचे, ओळख नको करून द्यायला?

यांच्या मागच्या चाकाला एक आवाज होता. पायडल मारायचं थांबलं की टिकटिकटिक... तशा सगळ्याच सायकली करतात, माझीही करते. यांची मेली कानठळ्या बसवायची. सायकल दुरुस्तीवाला म्हणाला, वंगण घालून देतो, गप्प होईल. हे म्हणाले, राहू दे, मी कुठे आहे ते हिला कळायला हवं.

अशी सात वर्षं गेली. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मातकट आणि सगळ्यात चांगली.

मग तो रविवार.

एका नव्या घरात शेवटचा दांडा राहिला होता. लोक संध्याकाळी राहायला येणार होते. हे शिडी खांद्यावर घेऊन निघाले आणि दारातून म्हणाले,

"तू हो पुढे. एवढा दांडा टाकतो आणि आलोच मागून."

मी पहिल्यांदाच पुढे होते. काय तो तोरा माझा. वाटेत जो भेटेल त्याला ऐटीत सांगत सुटले, "मागे एक आहे. म्हातारा आहे, सांभाळून घ्या." ज्यांना सांगितलं ते सगळे थांबले. उतरताना बघितलं तर एक जण अजून वाटेच्या कडेला उभा. म्हणाला, काकू, तुमचा एक काही आला नाही बुवा.

फोनला तिथेच रेंज येते. तिथेच तो वाजला.

दांडा बसला होता. अगदी सरळ, मी नंतर जाऊन पाहिला. शिडीवरून उतरायचं तेवढं राहिलं. पडलेही नाहीत. शिडीला मिठी मारून तसेच उभे होते म्हणे. डॉक्टर म्हणाले, हृदय.

सायकल मी दुकानाच्या भिंतीवर हुकाला टांगली. माझी जिन्याखाली ढकलली. पुढचे काही महिने मला नीट आठवत नाहीत. मी पडदे शिवत होते आणि ते एका बाजूला लांब होत होते. वीस वर्षांपासूनची गिऱ्हाइकं परत घेऊन यायची आणि ठेवून जायची. शेवटी लेकच म्हणाली. ती दुसऱ्या शहरात नोकरी करते, यांचाच सरळपणा घेतलाय. म्हणाली, आई, तुला दोन गोष्टी येतात, त्यातली एक तू सोडलीस म्हणून दुसरी बिघडली. जा डोंगरावर.

गेले.

चढ होता. वर पोहोचता पोहोचता समोरून एक अनोळखी माणूस सायकलवर आला. शहाण्यासारखा बाजूला झाला, पाय टेकला आणि सवयीने विचारलं, "मागे?"

कोणी नाही, एवढंच म्हणायचं होतं.

एवढंच.

माझ्या तोंडून आलं, "एक."

त्याने मान डोलावली. थांबला. मी खाली मान घालून निघून गेले. म्हटलं, पाच मिनिटं वाट बघेल आणि शिव्या घालत जाईल.

मग उतार लागला. मी पायडल थांबवलं. टिकटिक सुरू झाली. माझीच, मला माहीत होतं. थोडा सपाट भाग आला. मी पायडल मारायला लागले. माझं चाक गप्प झालं.

टिकटिकटिक...

मी पायडल मारतच राहिले.

टिकटिकटिक...

मागून. एका वळणाइतकं मागून. मोठी. कानठळ्या बसवणारी.

मी मागे बघितलं नाही. हात ढिले, नजर वाटेवर. खाली, पायथ्याच्या नळापाशी पोचले, तेव्हा वळून पाहिलं. वाट रिकामी होती. माझ्याच चाकाची धूळ हळूहळू खाली बसत होती.

घरी आले ती सरळ दुकानात. यांची सायकल भिंतीवर. टायर बसलेले, सीटवर धूळ, चाकाच्या तारांमध्ये कोळ्याने जाळं विणलेलं. तो कोळी माझ्याकडे बघत होता, बाई, आता काय हवंय, अशा नजरेने.

पुढच्या रविवारी वरच्या बाकापाशी एक बाई भेटल्या. नुकत्याच या भागात राहायला आलेल्या, निवृत्त नर्स. गळ्यात दुर्बीण, पक्षी बघायच्या. बाकाशी वाट फारच अरुंद आहे. त्या उभ्या राहिल्या, पाय आत घेतले आणि नियम नवाच शिकल्यासारखं विचारलं, मागे कोणी?

"एक," मी म्हटलं. या वेळी तोंड चुकलं नव्हतं. मी मुद्दाम म्हटलं.

वाट फिरून पुन्हा त्याच बाकाशी येते. परत आले तेव्हा नर्सबाई तिथेच होत्या. म्हणाल्या, आले हो तुमचे, पण बरेच मागे होते.

मी सायकलवरून उतरले. उतरले म्हणजे, पायच खाली आले.

मी विचारलं, कोण आले?

त्या म्हणाल्या, तेच, हेल्मेट न घातलेले. सायकल हातात धरून चालत होते. कानामागे लाल काहीतरी होतं. मला वाटलं फूल खोचलंय की काय, म्हणून दुर्बीण लावली, तर पेन्सिल.

आता खरं सांगते. या पानावर लोक लिहितात ना, अंगावर काटा आला, पाय थिजले, काळजाचं पाणी झालं... माझं तसलं काही झालं नाही. मला आनंद झाला. इतका आनंद, की बाकावर बसून मी ओढणीच्या टोकाचा बोळा करून तोंडात धरला. नर्सबाईंनी पाणी दिलं.

शिडीवरून उतरले होते तर. तसेच, पेन्सिलसकट, निघाले होते. आलोच मागून म्हणाले होते ना. आले.

मग मी दर रविवारी जायला लागले. मग बुधवारीसुद्धा, दुकान बंद ठेवून. भेटेल त्याला सांगायचे, मागे एक आहे. आणि माझं पायडल चालू असताना मागून टिकटिक यायची. वळणाइतकी मागे, कधी दोन वळणं. पडदे पुन्हा सरळ येऊ लागले. गिऱ्हाइकं म्हणाली, वा, सावरलात. मी कसली सावरतेय. माझा नवरा दर रविवारी भेटत होता, फक्त दिसत नव्हता. लग्नाची पहिली काही वर्षं तरी वेगळं काय होतं?

पण नर्सबाई दर वेळी थोडं कमी हसायच्या.

एकदा म्हणाल्या, तुमचे ते आज बसले होते मध्येच. एकदा म्हणाल्या, घाम फार येतोय त्यांना. मग एकदा माझी सायकल हँडलला धरून त्यांनी मला थांबवलंच. म्हणाल्या, मी अख्खा जन्म हृदयाच्या वॉर्डात काढला. चेहऱ्याचा असा रंग मी ओळखते. त्यांना मी बसा म्हटलं, तर म्हणाले, ती पुढे गेलीय, पोचायला हवं. तुम्ही थांबत का नाही त्यांच्यासाठी?

मी थांबले. त्याच दिवशी. चपट्या दगडाच्या वळणावर, सायकल आडवी घालून.

टिकटिक... टिक... टिक...

वळणाच्या पलीकडे येऊन थांबली.

मी म्हटलं, "अहो."

पान हललं नाही.

मी दुपारपर्यंत बसले. ऊन डोक्यावर आलं, मुंग्या चपलेवर चढल्या. उठून वळणापलीकडे गेले तर तिथे कोणी नाही. सायकलवर बसले, दोन पायडल मारली...

टिकटिकटिक...

मी थांबले की ते थांबणार. मी निघाले की ते निघणार. आणि गाठ कधीच पडणार नाही. मागे राहणाऱ्याचं कसं असतं ते मला ठाऊक होतं, सात वर्षं मीच मागे होते. पण माझ्यासाठी प्रत्येक वळणावर कोणीतरी थांबलेलं असायचं.

लेक सुट्टीला आली, तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. आई, तू नाश्ता करून जातेस ना, एवढंच विचारलं. मग रविवारी माझ्याबरोबर आली. ती सायकल चालवत नाही, चालत बाकापर्यंत आली आणि नर्सबाईंच्या शेजारी बसली. मी तिच्यासमोरून गेले. नर्सबाईंना म्हटलं, मागे एक.

परत आले तर नर्सबाई एकट्या. लेक खाली गाडीत जाऊन बसली होती.

घरी आल्यावर चहा केला, प्यायली नाही. मग दुकानात, भिंतीवरच्या सायकलकडे पाठ करून म्हणाली,

"मला दिसलं काही नाही. ऐकू आलं. आई, बाबांना किती धाप लागलीय गं."

मी समोरचा पडदा घडी घालायला घेतला.

"ते स्वतःहून येत नाहीयेत. तू सांगतेस म्हणून येतायत. तू लोकांना थांबवून ठेवतेस, मग बाबा काय करतील? कुणाला ताटकळत ठेवणं त्यांना कधी जमलंय?"

नाही जमलं. मेल्या त्या दांड्यासाठीसुद्धा रविवारी सकाळी धावले होते, लोक संध्याकाळी येणार म्हणून.

मला तिचा राग आला. तिच्याकडे तिचं पुढचं सगळं आयुष्य होतं, माझ्याकडे एक टिकटिक होती. तेवढीही मागत होती.

रात्रभर मी नुसती पडून होते. माझी उशी स्वच्छ होती. एक रेघ नाही.

पुढच्या रविवारी मी लवकर निघाले. टिकटिक नळापासूनच मागे होती. मी मुद्दाम सावकाश चालवली. चपटा दगड गेला. लाकडी पूल गेला. आता आवाज चाकाचा कमी होता आणि दुसरा जास्त. लेकीने सांगितलेला. एक श्वास आत... मग बराच वेळ काही नाही... मग बाहेर.

बाकापाशी नर्सबाई उठून उभ्या राहिल्या. माझ्याकडे बघितलं, माझ्या मागे बघितलं. पुन्हा माझ्याकडे.

"मागे?" त्यांनी विचारलं.

मी पाय टेकला. मला वाटतं, मी फार वेळ घेतला. कारण मागची टिकटिक जवळ आली. इतक्या जवळ कधीच आली नव्हती. पाठीवर, मानेपाशी, केसांत कोणीतरी दमून श्वास सोडावा तसं ऊन ऊन लागलं. आणि वास आला. लाकडाच्या भुशाचा, शिसपेन्सिलीचा.

वळले असते तर दिसले असते. हे मी आजही शपथेवर सांगेन.

जिकडे बघाल तिकडे जाल.

मी समोर बघितलं, नर्सबाईंच्या चेहऱ्याकडे, आणि म्हटलं,

"मागे कोणी नाही."

टिक...

टिक...

सायकल उलटी करून ठेवल्यावर चाक फिरत फिरत शेवटी कसं थांबतं, तसं ते थांबलं. शेवटची टिक यायला हवी होती, ती आलीच नाही. मी अजून तिची वाट बघते.

नर्सबाईंनी मला धरलं. हृदयाच्या वॉर्डात जन्म गेलेला, कधी बोलायचं नाही ते त्यांना कळत होतं.

गोष्ट इथे संपायला हवी होती. मलाही तसंच वाटलं होतं.

मी सायकल सोडली नाही. ती आता सुटायची नाही, म्हाताऱ्या पायांना लागलेलं व्यसन आहे. वर्षभर जात राहिले. कोणी भेटलं की सांगायचे, मागे कोणी नाही. मागे शांतता. नुसती पानं.

गेल्या महिन्यातली गोष्ट. चढावर होते. वळणापलीकडे मला चार-पाच कॉलेजची मुलं दिसली, सायकली कडेला घेऊन, पाय टेकून, ओळीने उभी. मी दिसायच्या आधीपासूनच थांबलेली. मी म्हटलं, काय रे, कुणासाठी थांबलात?

"तुमच्यासाठीच, काकू. ते पुढचे काका म्हणाले ना, थांबा म्हणून."

मी विचारलं, काय म्हणाले?

मुलगा हसला. माझ्याकडे बघून तेव्हा सगळेच हसायचे, तसं.

"म्हणाले, मागे एक आहे. हळू येते, पण येते."

हे वाक्य मी कुणाला सांगितलं नव्हतं. लेकीलासुद्धा नाही. इथे, तुमच्यापुढे पहिल्यांदा लिहितेय.

धाप लागली होती का रे त्यांना, मी विचारलं. मुलं म्हणाली, छे हो, मस्त चालले होते, शीळ वाजवत. वरच्या बाकापाशी भेटले, तिथे जागा नव्हती म्हणून इथे येऊन थांबलो.

मी बाकापर्यंत गेले. कोणी नव्हतं.

त्यानंतरच्या रविवारी एका जोडप्याने वाट दिली. त्यांना लाकडी पुलापाशी भेटले होते.

आणि या रविवारी एक बाई कडेला उभी होती. म्हणाली, ते काय, आत्ताच गेले. त्या पुढच्याच वळणावर थांबलेत.

मी ऐकलं. पुढून...

टिकटिकटिक.

आणि मग गप्प. वाट बघणाऱ्या माणसासारखं गप्प.

मी तिथूनच परत फिरले.

लेकीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, आई, तो डोंगर सोड आता. मी म्हटलं, बघू. सायकल दुरुस्तीवाला म्हणतो, काकू, ब्रेकचं रबर बदलून देतो, किंचाळणं बंद होईल. त्याला मी नको म्हटलं.

लेकीने नवं घर घेतलंय. मोठ्या खिडक्या आहेत, सगळे पडदे मीच शिवणार, वजनाची पट्टी दुहेरी घालून. दांडे बसवायला माणूस शोधायचाय. दोन महिने सहज जातील. चुण्या हाताने घातल्या तर तीन.

उद्या रविवार आहे. त्या वळणाच्या अलीकडे मी उतरेन, पलीकडे जाणार नाही, असं स्वतःला बजावलंय. फक्त एकदा ब्रेक दाबेन, किंचाळेल एवढा. म्हणजे कळेल त्यांना.

घाई करू नका, अहो. हळू येते मी.

पण येते.